कोळंबीच्या शेपटीचे इंजिन



मागच्या भागात आपण डिसेंबर १९७१ मध्ये आपल्या फौजेने मेघना नदी कशी ओलांडली ते पाहिले. सगत सिंग यांनी हेलिकॉप्टरने जवान पलीकडे उतरवले, ती गोष्ट बहुतेकांना माहीत असते. आज नदी नाही. आज आपण नदीपेक्षा वाईट जागेबद्दल बोलणार आहोत: मांडीभर पाणी, त्याखाली गुडघाभर चिखल, मध्ये गवत, बुडालेले बांध, बुडालेली कुंपणे. लष्करी नकाशात अशी जागा निळ्या गवताचे झुबके काढून दाखवतात. नकाशा वाचणारा तरुण अधिकारी त्या झुबक्यांकडे फारसे लक्ष देत नाही. मीही दिले नव्हते.

१९८८ साली आसामात मोठा पूर आला. मी तेव्हा इंजिनिअर्समध्ये कॅप्टन होतो. ब्रह्मपुत्रेच्या काठावरून साधारण तीन किलोमीटर आत एका वस्तीतली माणसे शाळेच्या पत्र्यावर अडकली होती. आमच्याकडे असॉल्ट बोट होती, तिच्या मागे ओबीएम, म्हणजे बाहेरून लावायचे आउटबोर्ड इंजिन. सकाळी आठला निघालो. तीन किलोमीटर म्हणजे किती वेळ? मी वायरलेसवर दहाची वेळ दिली, तीही हात राखून.

पहिला अर्धा किलोमीटर ठीक गेला. मग पंखा पाण्याखालच्या बांबूच्या कुंपणावर आपटला आणि शिअर पिन तुटली. ही पिन मुद्दाम मऊ धातूची असते. पंखा अडकला की ती तुटते आणि गिअर वाचतो. आम्ही पिन बदलली. शेताच्या बांधावर दुसरी गेली, भाताच्या मुळांत तिसरी. सुट्या पिना संपल्यावर हवालदाराने खिळा कापून घातला. तेवढ्यात इंजिनाच्या मागून पडणारी पाण्याची बारीक धार बंद झाली. थंड करणारे पाणी ज्या जाळीतून आत जाते ती चिखलाने बुजली होती. इंजिन तापून बंद पडले. उरलेले अंतर आम्ही वल्ह्यांनी आणि काही ठिकाणी खाली उतरून ढकलत काटले.

पोचलो तेव्हा अडीच वाजले होते. पत्र्यावर सगळे होते, एक म्हातारी नव्हती. ती बाराच्या सुमाराला घसरली, असे तिच्या नातवाने सांगितले.

अहवालात मी ‘इंजिनात बिघाड’ असे लिहिले. मंडळी, इंजिनात काही बिघाड नव्हता. ते खोल पाण्यासाठी बनवलेले चांगले इंजिन होते. मी ते कुठे नेतोय हे मला कळले नव्हते.

आउटबोर्डची रचना आठवा. इंजिन वर, त्याखाली सरळ उभा पाय, पायाच्या तळाशी काटकोनात वळवणारे गिअर आणि पंखा. म्हणजे बोटीचा सर्वांत खोल भाग आणि सर्वांत नाजूक भाग एकच. शिवाय थंडाव्याला बाहेरचे पाणी लागते. समुद्रात यातले काहीही अडत नाही. भातशेतात सगळेच अडते.

याला उत्तर काय, हे मला बऱ्याच वर्षांनी एका लष्करी ग्रंथालयात कळले, तेही व्हिएतनाम युद्धावरचे वाचन करताना. मी शोधत होतो अमेरिकी नौदलाची नदीतली गस्त. १९६६ मध्ये मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात त्यांच्या पीबीआर नावाच्या बोटी आल्या. फायबरग्लासचे हलके अंग, सुमारे ३१ फूट लांबी, दोन डिझेल इंजिने, आणि पंखाच नाही. पंख्याऐवजी पाणी ओढून मागे फेकणारा जेट. पूर्ण वेगात ही बोट नऊ इंच पाण्यातही चालायची. इंजिनिअर म्हणून मी तिच्या प्रेमात पडलो. पण थांबली की ती दोन फूट खोल बसायची, आणि जेटच्या तोंडात पाणवनस्पती अडकायच्या. आमची बुजलेली जाळी मला लगेच आठवली.

त्या पुस्तकांतल्या फोटोंत पीबीआरच्या शेजारी झडतीसाठी थांबवलेल्या सांपान दिसतात. सांपान म्हणजे तिथली लाकडी होडी. काहींच्या मागे एक विचित्र वस्तू असते: एक छोटे इंजिन आणि त्यातून मागे गेलेला लांबच लांब दांडा. त्याला तिथे ‘माय दुओय तोम’ म्हणतात, कोळंबीच्या शेपटीचे इंजिन. मी पीबीआरचे फोटो पाहत राहिलो आणि या शेपटीवरून कितीतरी पाने उलटून गेलो. सवय तीच.

आता ही शेपटी म्हणजे काय ते नीट पाहू. पंपाला किंवा जनित्राला लावतात तसे चार-सहा हॉर्सपॉवरचे हवेवर थंड होणारे इंजिन घ्यायचे. पाणी आत घेण्याचा प्रश्नच संपला. इंजिनाच्या शाफ्टला सरळ एक लांब सळई जोडायची, ती पाइपमधून न्यायची आणि टोकाला छोटा पंखा बसवायचा. गिअर नाही, काटकोन नाही. सगळे बोटीच्या मागच्या फळीवर एका खुंटीवर ठेवायचे, अशा जागी की एका बाजूला जड इंजिन आणि दुसऱ्या बाजूला लांब हलका दांडा यांचा तराजू जमेल. मग एका हाताने इंजिन दाबले की मागे पंखा वर येतो, सोडले की पाण्यात जातो. बाजूला फिरवले की होडी वळते. न्यूट्रल हवे तर पंखा पाण्याबाहेर काढा. वल्हे, सुकाणू आणि क्लच यांचे काम ती एक खुंटी करते. पंखा पाण्याच्या पृष्ठभागाजवळ तिरका चालतो. ओंडका आला तर दांडा त्यावरून उडी मारून पुढे जातो. शिअर पिनेची गरजच फार कमी उरते.

तोटेही आहेत. आवाज भयंकर. दांडा लांब असल्याने अरुंद जागी वळता येत नाही. उघडा पंखा पाण्यातून काढून फिरवला तर तो मागच्या माणसाला कापतो. १९७४ च्या बॉण्डपटात बँकॉकच्या कालव्यांतला पाठलाग आहे, त्यात बॉण्ड अशाच पंख्याने दुसऱ्याची होडी मधोमध चिरतो. सिनेमा सोडा, पण धोका खरा आहे.

ही इंजिने व्हिएतनामच्या खेड्यांत कशी आली? अमेरिकेने दक्षिण व्हिएतनामची अर्थव्यवस्था उभी राहावी म्हणून आयातीला पैसा पुरवला. त्या आयातीत मोटरसायकली आल्या, तशीच कोहलरसारख्या कंपन्यांची छोटी पेट्रोल इंजिनेही आली. त्यांना शेपटी लावली ती तिथल्या गावांतल्या मिस्त्र्यांनी.

यातला सर्वांत चांगला भाग अजून यायचा आहे. रॉबर्ट सॅन्सम नावाचा अमेरिकी अर्थतज्ज्ञ युद्धाच्या काळातच तिथल्या खेड्यांत फिरला. १९६९ मध्ये त्याने फक्त एका पंपावर लेख लिहिला. तिथले शेतकरी पूर्वी पायाने चालवायच्या रहाटाने शेतात पाणी चढवत. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या एका माणसाच्या लक्षात आले की होडीचा पंखा पाण्याला मागे ढकलतो. होडी पुढे जाऊ दिली नाही आणि पंख्याभोवती पत्र्याची नळी घातली, तर तेच पाणी नळीतून वर चढेल. झाला पंप! कुठल्याही सरकारी योजनेशिवाय, कुठल्याही शेतकी खात्याशिवाय तो तीन-चार वर्षांत गावोगाव पसरला, आणि ज्या शेतांत एकच पीक निघत होते तिथे दुसरे निघू लागले. एकच इंजिन बाजाराला जाताना होडीवर आणि परत आल्यावर कालव्याच्या काठावर. म्हणूनच ते गरिबाला परवडले. नुसत्या होडीसाठी घेतले असते तर परवडले नसते.

लष्करी दृष्टीने पाहा. त्याच शेपटीने शेतकरी दिवसा भात नेत होता आणि गनिमी सैनिक रात्री दारूगोळा. गस्तीच्या बोटीने सांपान थांबवली तर इंजिन सारखेच, होडी सारखीच, चालवणारा कदाचित एकच. शेवटी रात्री जलमार्गांवर संचारबंदी लावली गेली, म्हणजे शेतकऱ्याचाही रस्ता बंद. ज्याच्यासाठी इंजिन आयात केले त्यालाच ते रात्री चालवायला मनाई. मी स्वतः बंडखोरीच्या भागात नोकरी केली आहे. असा आदेश काढणाऱ्याची अडचण मला समजते. पण असा आदेश पाळणाऱ्याच्या मनात काय येते, तेही समजते.

थायलंडमध्ये हीच रचना ‘लांब शेपटीची होडी’ म्हणून आजही पर्यटकांना नेते. लुइझियानाच्या दलदलीत बदकांच्या शिकाऱ्यांसाठी १९७७ पासून ती कारखान्यात बनू लागली. बांगलादेशात ऐंशीच्या दशकात कूपनलिकेची डिझेल इंजिने पावसाळ्यात होड्यांवर चढली. आपल्या बंगाल-आसामच्या भुटभुटीचे नाते त्यांच्याशी आहे. त्यांचा दांडा मात्र बहुधा होडीच्या बुडात पक्का बसवलेला असतो, उचलता येत नाही.

उचलता येणारी शेपटी मी पहिल्यांदा प्रत्यक्ष पाहिली ती त्सुनामीनंतर, नागपट्टिनमच्या किनाऱ्यावर. फायबरच्या मच्छीमार होड्या एकमेकींवर चढल्या होत्या आणि वाळूतून लांब लांब दांडे वर आले होते. एक मच्छीमार त्यातला आपला दांडा शोधत होता. दुभाष्याने विचारले, इतका लांब कशाला? तो म्हणाला, लाटेत किनाऱ्याला लागताना पंखा वर घेता आला पाहिजे, नाहीतर वाळू खातो. एवढेच सांगून तो पुन्हा उकरायला लागला.

निवृत्तीनंतर मी बडोद्यात स्थायिक झालो. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले आणि लष्कराला बोलवावे लागले. मी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभा राहून खालून जाणारी बोट पाहत होतो. आमच्या नदीत मगरी आहेत, त्यामुळे पाण्यात उतरायची सोय नव्हती. तीन दिवस गॅलरीत काढल्यावर ठरवले की शेपटी आपण बनवायची.

पंपाचे जुने साडेसहा हॉर्सपॉवरचे पेट्रोल इंजिन मिळाले. मकरपुरा जीआयडीसीत एक लेथवाले भाई आहेत, माझ्याहून दहा वर्षांनी लहान आणि माझ्याहून कमी बोलणारे. सहा फूट पाइप, आत पाऊण इंची सळई, दर दोन फुटांवर गनमेटलचा बुश, नाहीतर सळई दोरीसारखी फटके मारते. पंखा पाण्याला ढकलतो तेव्हा पाणीही पंख्याला तितकेच पुढे ढकलते, आणि तो सगळा दाब सळईतून इंजिनाच्या क्रँकवर येतो. तो अडवायला वरच्या टोकाला टेपर रोलर बेअरिंग बसवले. इंजिनाची पूर्ण गती थेट पंख्याला मिळते, म्हणून पंखा लहान. तो मी एका जुन्या आउटबोर्डचा आणला आणि भाईंनी छाटून दिला.

पादऱ्याजवळ मित्राचे शेततळे आहे. तिथे होडी टाकली, दोरी ओढली, इंजिन सुरू झाले. मी पंखा पाण्यात सोडला आणि होडी मागे गेली. सरळ मागे, काठावर उभ्या असलेल्या मित्राच्या पायाशी. भाई काठावर बसले होते. त्यांनी पंख्याकडे पाहून बोट गोल फिरवले, एकदा इकडून, एकदा तिकडून. मग मला कळले. अशी छोटी इंजिने शाफ्टच्या बाजूने पाहिले तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात, आणि आउटबोर्डचा नेहमीचा पंखा काट्यांच्या दिशेने फिरला तरच पुढे ढकलतो. ३३ वर्षे इंजिनिअर्समध्ये काढलेल्या माणसाने उलटा पंखा लावला होता. भाईंनी आठ दिवसांत पत्र्याची पाती वेल्ड करून डाव्या हाताचा पंखा दिला.

दुसऱ्या खेपेला होडी पुढे गेली. तळ्याच्या एका कोपऱ्यात जलपर्णी आहे, तिच्यातून गेली. पुढे चिखलाचा उथळ पट्टा आहे, तिथे पंख्याने काळे पाणी उडवले, आवाज जड झाला, पण होडी थांबली नाही. मी घड्याळ लावले होते. तीन किलोमीटर होतील इतक्या फेऱ्या मारल्या. बत्तीस मिनिटे लागली.

सध्या ते इंजिन सोसायटीच्या गॅरेजमध्ये आहे. या पावसाळ्यात ते दोनदा बाहेर काढले, दोन्ही वेळा शेपटी सोडवून आणि जुना पंप जोडून, तळघरातले पाणी उपसायला. शेपटी भिंतीवर खुंटीला टांगली आहे आणि पुन्हा जोडायला बारा मिनिटे लागतात, तेही मोजून ठेवले आहे.

पुढच्या भागात बेली पुलाबद्दल बोलू. जय हिंद.