चारठाणा
चारठाणा : परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील प्राचीन मंदिरावशेषांचे गाव. ते तालुक्याच्या पश्चिम भागात, जालना जिल्ह्याच्या हद्दीकडे, जिंतूर–मंठा–जालना मार्गाच्या पट्ट्यात वसले आहे. गावात पोलीस ठाणे आहे. जिंतूर तालुक्यात रेल्वे नाही. रेल्वेने येणाऱ्याला सेलू किंवा परभणीला उतरून एसटी धरावी लागते.

तालुक्याचा उत्तर भाग डोंगराळ असून दक्षिणेकडे जमीन सपाट व काळी होत जाते. पूर्णा नदी याच तालुक्यातून वाहते आणि तिच्यावर येलदरीचे धरण आहे. कापूस, सोयाबीन, तूर व रब्बीची ज्वारी ही या भागातील मुख्य पिके. काळ्या मातीखाली सर्वत्र बेसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण आहे. गावचा इतिहासही मुख्यतः याच दगडात वाचावा लागतो.

चारठाण्याचे जुने नाव चारुक्षेत्र होते आणि येथे ३६० मंदिरे होती, असे गावात सांगतात. ३६० हा आकडा दंतकथांचा लाडका आहे. तो मोजदाद म्हणून घेऊ नये. मात्र एवढ्याशा गावात जे अवशेष आज दिसतात, त्यांवरून हे एकेकाळी मोठे देवस्थान असावे, एवढे खुशाल म्हणता येते.

गोकुळेश्वर मंदिर व त्याची बारव हा त्यांतील सर्वांत देखणा समूह. बारवेच्या पायऱ्या टप्प्याटप्प्याने पाण्यापर्यंत उतरतात आणि भिंतींत देवकोष्ठे आहेत. अशा बारवेत पाणी भरणे, स्नान आणि पूजा ही तिन्ही कामे एकाच जागी होत. दुसरे मंदिर उकंडेश्वराचे. उकंडा म्हणजे मराठवाडी बोलीत उकिरडा. नावच पुरेसे बोलके आहे. याशिवाय उघड्यावर उभा असलेला उंच कोरीव दगडी स्तंभ गावाची खूण बनला आहे. त्याला कोणी दीपमाळ म्हणतात, कोणी विजयस्तंभ, तर कोणी मानस्तंभ, म्हणजे जैन मंदिरापुढचा स्तंभ. जिंतूरजवळ नेमगिरी हे जैन लेण्यांचे क्षेत्र असल्याने मानस्तंभाचा पक्ष सहज उडवून लावता येत नाही.

येथील मंदिरांना सरसकट हेमाडपंती म्हटले जाते. ज्याच्यावरून हे नाव पडले तो हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हा देवगिरीच्या महादेव व रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, म्हणजे १३ व्या शतकाच्या उत्तरार्धातला. ही बांधणी मात्र त्याच्या आधीपासून, कल्याणीच्या चालुक्यांच्या काळापासून, मराठवाड्यात रूढ होती. त्यामुळे केवळ शैलीवरून चारठाण्याची मंदिरे हेमाद्रीच्या नावे लावणे घाईचे ठरेल. या पद्धतीत चुन्याचा वापर नसतो. घडीव चिरे खाचा व खुंट्यांनी एकमेकांत बसवतात आणि वरचे वजनच त्यांना जागेवर धरते. सांध्यात पिंपळाचे मूळ शिरले की चिरे सरकतात. पण चिरा फुटला नसेल, तर तो पुन्हा त्याच जागी बसवता येतो. म्हणूनच पडलेले दगड उचलून ओट्याला किंवा कुंपणाला लावणे हे मंदिर पडण्यापेक्षा मोठे नुकसान आहे.

यादवांनंतर हा प्रदेश बहमनी, पुढे मोगल आणि १७२४ पासून हैदराबादच्या निजामाच्या सत्तेखाली गेला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि औंढा नागनाथाचे प्रसिद्ध मंदिर तिकडे गेले. तेव्हापासून उरलेल्या परभणी जिल्ह्यात मध्ययुगीन मंदिरस्थापत्य पाहायचे, तर गंगाखेड तालुक्यातील गोदाकाठचे धारासूर आणि चारठाणा ही दोन गावे आधी पाहावीत.