घरच्या कॉफीची यंत्रे

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एक निवृत्त शिक्षक-दांपत्य माझ्याकडे आले. धर्मगुरूकडे येणाऱ्या नेहमीच्या अडचणींपैकी ही अडचण नव्हती. परदेशी असलेल्या मुलाने पैसे पाठवून ‘घरात कॉफीचे एक चांगले यंत्र घ्या’ असा आग्रह धरला होता. मास्तरांना कॉफीचा शौक जुना. माटुंग्याहून दळून आणलेली पूड त्यांच्या घरात कधी संपली असे मला आठवत नाही. “फादर, तुम्ही रोमला शिकलात. तिथली माणसं घरी कशावर कॉफी करतात, तेवढं सांगा. आम्ही तेच घेऊ,” मास्तर म्हणाले. बाई शेजारी गप्प बसल्या होत्या. त्यांना मी काही विचारले नाही. “मोका,” मी तत्काळ उत्तर दिले, आणि मास्तर समाधानाने उठले.

माझे ते उत्तर चुकले. कसे चुकले ते पुढे सांगेनच. परंतु त्या चुकीमुळे मी घरगुती कॉफीयंत्रांचा इतिहास नव्याने वाचला, आणि चूक माझ्या एकट्याची नव्हती हे ध्यानात आले.

कॉफीच्या इतिहासात चर्चचा विषय निघाला की पोप क्लेमेंट आठवे यांनी ह्या ‘सैतानी’ पेयाला आशीर्वाद दिल्याची कथा हटकून सांगितली जाते. तिला समकालीन कागदाचा आधार नाही, म्हणून ती मी बाजूला ठेवतो. अधिक भरीव दुवा पॅरिसचे आर्चबिशप कार्डिनल झाँ-बातिस्त द बेलॉय यांचा आहे. १७०९ साली जन्मलेले हे गृहस्थ क्रांतीचा वणवा पार करून १८०२ साली पॅरिसच्या आसनावर बसले आणि १८०८ साली, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी निवर्तले. त्यांचे नाव एका कॉफीपात्राला चिकटले आहे. तोवर युरोपातही कॉफी म्हणजे पाण्यात उकळलेली पूड आणि तळाशी बसलेला गाळ. ‘बेलॉय’ पात्रात दोन मजले होते. वरच्या मजल्याच्या तळाला बारीक छिद्रे. त्यात पूड ठेवायची, वरून उकळते पाणी ओतायचे आणि अर्क खाली ठिबकू द्यायचा. भोजनरसिक ब्रिया-सावारँ यांनी १८२५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात, अनेक रीती करून पाहिल्यावर आपण हीच पसंत केली, असे नमूद केले आहे. पात्र खुद्द बेलॉय यांनीच घडविले की त्यांच्या नात्यातल्या कोणी, ह्यावर वाद आहे. नाव मात्र त्यांचेच राहिले.

वाचकांपैकी अनेकांनी हे तत्त्व स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले आहे. दक्षिणी घरांतला पितळेचा वा स्टीलचा फिल्टर म्हणजे हेच दुमजली पात्र. त्याला वीज लागत नाही, वाफ लागत नाही. पृथ्वीचे आकर्षण तेवढे पुरते. आपल्या मराठी घरांत मात्र दुधात उकळलेली, जायफळ घातलेली कॉफीच प्रचलित असल्यामुळे हा फिल्टर आपल्याकडे पाहुण्यासारखाच राहिला.

एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधील कारागिरांनी ह्या पात्राची किती रूपे केली याची गणती करणे कंटाळवाणे होईल. १८१९ साली पॅरिसच्या मोरीझ नावाच्या पत्राकाराने उलटवण्याचे पात्र केले. खाली पाणी उकळले की सारे पात्र पालथे करायचे, आणि पाणी पुडीतून उतरू लागे. नेपल्सच्या लोकांनी ते इतके आपलेसे केले की आज त्याला ‘नापोलेताना’च म्हणतात. जाळीच्या दट्ट्याने गाळ खाली दाबण्याच्या पात्राचे पेटंटही पॅरिसचेच, १८५२ चे. ही सर्व पात्रे घरातली होती. त्यांना सवड लागे, आणि सवड त्या काळी घरात होती असे आपण धरून चालतो. कोणाला होती, हा प्रश्न वेगळा.

सवड नव्हती ती कॅफेत. ग्राहक उभा आहे, त्याला कामावर जायचे आहे, त्याचा पेला लगेच भरला पाहिजे. या निकडीतून वाफेचे यंत्र जन्मले. तुरीनच्या अँजेलो मोरिओंदो यांनी १८८४ साली एकदम पुष्कळ कॉफी करणारे यंत्र प्रदर्शनात मांडले. मिलानच्या लुइजी बेझेरा यांनी १९०१ मध्ये एकेका पेल्यासाठी स्वतंत्र कॉफी उतरवण्याची युक्ती पेटंटसाठी दाखल केली. देझिदेरियो पावोनी यांनी ते हक्क विकत घेऊन १९०५ पासून यंत्रे बांधली. ‘एस्प्रेसो’ ती हीच. पण ही यंत्रे पुरुषभर उंचीची, पितळी बंब असलेली, वाफाळणारी होती. ती स्वयंपाकघरात मावणारी नव्हती. येथून घराची कॉफी आणि दुकानाची कॉफी ह्या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या, आणि घराने दुकानाचा हेवा करावयास आरंभ केला. पुढचा सारा इतिहास ह्या हेव्याचा आहे, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

ह्या हेव्याला एक सन्माननीय अपवाद आहे. जर्मनीतील ड्रेस्डेन शहरात मेलिटा बेन्ट्स नावाची एक गृहिणी राहात होती. तिला कॉफीतला गाळ आणि कडवटपणा नकोसा झाला होता, आणि कापडी गाळणी धूत बसणेही. तिने पितळेच्या भांड्याला तळाशी छिद्रे पाडली, मुलाच्या शाळेच्या वहीतला टिपकागद कापून आत बसवला, पूड घातली आणि वरून पाणी ओतले. २० जून १९०८ रोजी तिच्या गाळणीची पेटंट कार्यालयात नोंद झाली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ७३ फेनिग, म्हणजे एका मार्काहूनही कमी, भांडवलावर व्यवसायाची नोंदणी झाली. १९०९ च्या लाइपझिगच्या जत्रेत अशा १,२०० गाळण्या विकल्या गेल्या. मी वर घेतलेल्या नावांत आर्चबिशप आहेत, पत्राकार आहेत, यंत्रज्ञ आहेत; स्वयंपाकघरात रोज उभी राहून कॉफी करणारी व्यक्ती ही एवढीच. आणि तिने शोधलेल्या साधनात फिरवायचे, पिळायचे, दाबायचे असे काहीही नाही. पाणी ओतायचे, कागद उचलून टाकायचा. हे मी पूर्वी अनेकदा वाचले होते, पण माझ्या लक्षात आले नव्हते.

आता मोकाकडे वळतो. ते माझे आवडते पात्र, त्यामुळे थोडा पाल्हाळ वाचकांनी सहन करावा.

अल्फोन्सो बियालेत्ती हा उत्तर इटलीतील पिएमोंत प्रांताचा माणूस. तरुणपणी फ्रान्समध्ये ॲल्युमिनियमच्या उद्योगात सुमारे दहा वर्षे काढून तो मायदेशी परतला आणि १९१९ साली ओर्ता सरोवराजवळ क्रुझिनाल्लो येथे त्याने धातूचा छोटासा कारखाना काढला. त्या काळच्या बायका कपडे उकळण्यासाठी मध्यभागी पोकळ नळी असलेली बादली वापरीत. खालचे तापलेले साबणाचे पाणी नळीतून वर चढून कपड्यांवर पडे. ती पाहून त्याला कल्पना सुचली, असे सांगितले जाते. कथा असेल, पण मोकाची रचना नेमकी तशीच आहे. खालच्या भांड्यात पाणी, त्यावर गाळणीत पूड, वर रिकामे भांडे. तापल्यावर खालची हवा व वाफ प्रसरण पावून पाण्याला पुडीतून वर ढकलते. दाब जेमतेम दीड-दोन वातावरणांचा. खालच्या भांड्याला सुरक्षेची झडप असते. १९३३ साली हे अष्टकोनी पात्र अवतरले आणि येमेनच्या प्राचीन कॉफीबंदराचे नाव घेऊन ‘मोका’ झाले.

धातूची निवड निव्वळ योगायोग नव्हती. मुसोलिनीच्या राजवटीला स्वावलंबनाचे वेड होते आणि ॲल्युमिनियम हा ‘राष्ट्रीय धातू’ म्हणून मिरवला जात होता. ऑक्टोबर १९३५ मध्ये इटलीने इथिओपियावर आक्रमण केले. कॉफीच्या झाडाची मूळ भूमी तीच. नोव्हेंबरात राष्ट्रसंघाने निर्बंध लादले, आणि कॉफीसारखा परदेशी माल महाग व दुर्मिळ होऊन इटालियन घरांत जवाची आणि चिकोरीची कॉफी शिजू लागली. ज्या राजवटीने भांड्याला धातू दिला, तिनेच भांड्यात घालायची कॉफी हिरावून घेतली. बियालेत्ती आपली पात्रे स्वतः आठवडी बाजारांत मांडून विकीत असे. १९३४ ते १९४० ह्या काळात सुमारे सत्तर हजारच खपली.

मोकाचे भाग्य उजळले ते महायुद्धानंतर. त्याचा मुलगा रेनातो जर्मनांच्या युद्धबंदिवासातून १९४६ साली परतला. त्याने कारखान्याची इतर सारी भांडी बंद करून एका मोकावर जीव लावला. मिशाळ, बोट वर करून कॉफी मागणारा तो चित्रातला इटुकला माणूस १९५३ साली आला, मग दूरचित्रवाणी आली, आणि मोका इटालियन घराच्या चुलीवर स्थिर झाला. माझ्या रोममधील विद्यार्थिदशेत वसतिगृहाच्या प्रत्येक मजल्यावर एक काळवंडलेला मोका होता. तो साबणाने धुवायचा नाही, असा तेथील जुन्यांचा दंडक होता. रेनातो फेब्रुवारी २०१६ मध्ये, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी वारला, तेव्हा त्याची रक्षा एका मोठ्या मोकातच ठेवण्यात आली, आणि अंत्यविधीच्या वेळी चर्चमध्ये धर्मगुरूंनी त्या पात्राला आशीर्वाद दिला. ते छायाचित्र पाहून मी आधी हसलो, आणि मग हसू आवरले. माणसाचे आयुष्य ज्यात गेले, त्यातच त्याची रक्षा ठेवली, तर बिघडले कोठे?

मोकाची कॉफी मात्र कॅफेची कॉफी नव्हे. १९४७ च्या सुमारास मिलानच्या आकिले गाज्जा यांनी स्प्रिंग आणि तरफ लावून पाण्यावर वाफेविना मोठा दाब आणला, आणि पेल्यावर प्रथमच सोनेरी साय दिसू लागली. लोक त्या फेसाकडे संशयाने पाहात. ही कॉफीचीच साय आहे, अशी त्यांची समजूत घालावी लागली. आज इटालियन प्रमाण सात ग्रॅम पूड, नऊ वातावरणांचा दाब आणि पंचवीस सेकंद असे आहे. नऊ आणि दीड यांतली ही दरी बुजवून कॅफे घरात आणण्याची धडपड तेव्हापासून थांबलेली नाही. घरगुती तरफेची यंत्रे आली. ती देखणी, पण दांडा ओढायला मनगटात जोर हवा, पूड नेमक्या जाडीची दळलेली हवी, आणि शिकण्यात महिनाभर कॉफी वाया घालवण्याची तयारी हवी. पुढे विजेच्या पंपाने मनगटाचे काम घेतले, तरी दळण्याचे व शिकण्याचे काम उरलेच.

तेही उरू नये म्हणून कुपी आली. नेस्लेमधील स्विस यंत्रज्ञ एरिक फाव्र यांनी १९७६ साली बंद कुपीतून कॉफी काढण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. १९८६ साली ती बाजारात आली. कुपी घाला, कळ दाबा. कोणाचेही हात चालतील, हे तिचे खरे पुण्य. ते नाकारणे अन्यायाचे होईल. पण यंत्र स्वस्त आणि कुपी महाग असा हा व्यवहार आहे. किलोच्या हिशेबाने तीच पूड कित्येक पटींनी महाग पडते, आणि पेटंटांची मुदत उलटेपर्यंत दुसऱ्याची कुपी चालतही नसे. घराने दुकानाचा हेवा करता करता दुकानाचे कायमचे खाते उघडले! शिवाय प्रत्येक पेल्यामागे कचरा. हॅम्बुर्ग नगराने २०१६ साली सरकारी पैशातून कुपीची यंत्रे घेण्यास बंदी केली. अशाच एका अमेरिकन कुपीचे जनक जॉन सिल्व्हन यांनी तर २०१५ साली, हे आपण केले याचे कधी कधी वाईट वाटते, असे जाहीरपणे बोलून दाखवले.

आता माझ्या चुकीकडे. मास्तरांनी मोका मागवला. पंधरा दिवसांनी सकाळच्या मिस्सानंतर बाई एकट्याच माझ्याकडे आल्या. वर्तमानपत्रात गुंडाळलेला मोका त्यांनी टेबलावर ठेवला.

“फादर, हा माझ्याच्यानं वळत नाही.”

मोकाचे दोन भाग घट्ट पिळून बसवावे लागतात. सैल राहिले तर वाफ बाजूने सुटते आणि कॉफी वर चढत नाही. तोही कान धरून पिळायचा नाही, नाहीतर कान तुटतो. अंगच मुठीत धरायचे. बाईंच्या बोटांना संधिवात आहे. हे मला ठाऊक होते. परमप्रसाद देताना त्यांचे हात मी रोज पाहतो.

“मास्तर आवळून देत नाहीत का?”

“देतात की. पण मी उठते पहाटे पाचला. एवढ्यासाठी त्यांना उठवायचं? आणि मिस्साला येण्याआधी, एक तासाचा उपास धरायचा म्हणजे, माझी कॉफी सव्वापाचलाच व्हायला हवी.”

कॉफी मास्तरांची, पण करणाऱ्या बाई. दोन्ही वेळेच्या, चाळीस वर्षे. मास्तरांना चव विचारून मी निकाल दिला होता.

दुसऱ्या दिवशी मी वसईच्या बाजारातून चिनी मातीचे एक शंकूसारखे गाळणे व कागदांचे पुडके आणले आणि त्यांच्या घरी गेलो. बाईंनी कागद बसवला, पूड घातली, दोन्ही हातांनी किटली धरून पाणी ओतले. मास्तरांनी घोट घेऊन “पातळ आहे” असा अभिप्राय दिला. बाई म्हणाल्या, “पूड वाढवते.” मग त्यांनी स्वतःसाठी दूध उकळायला ठेवले आणि डब्यातून जायफळ काढले.

मोका माझ्याकडेच राहिला. आमच्या शेगडीच्या मोठ्या कड्यावर तो तोल धरत नाही, म्हणून खाली पापड भाजण्याची जाळी ठेवतो. त्याची रबरी चकती आता बदलायला झाली आहे. तेवढी कोठे मिळते, ते शोधतो आहे.