‘ॲप नॉट इन्स्टॉल्ड’: एका सहीची गोष्ट

एपीके फाइल उतरवली, टॅप केलं आणि स्क्रीनवर आलं, ‘ॲप नॉट इन्स्टॉल्ड’. कारणं बरीच असू शकतात. आज मी एकाच कारणाबद्दल बोलणार आहे: सही न जुळणं. तिथे फोन बिघडलेला नसतो, तो राखण करत असतो.

२००८ मध्ये अँड्रॉइड आलं तेव्हापासूनचा हा नियम. ॲप बनवणारा स्वतःच एक डिजिटल किल्ली तयार करतो, तिला म्हणायचं सायनिंग की. तिने ॲपवर सही होते. आपण ॲप पहिल्यांदा टाकलं की फोन ती सही लक्षात ठेवतो. पुढचा अपडेट त्याच सहीचा हवा. नाव तेच, आयकॉन तोच, पण सही वेगळी? मग प्रवेश नाही. कारण अपडेटच्या हाती जुन्या ॲपचा सगळा डेटा आयता पडतो.

हा नियम किती कडक, ते डिसेंबर २०१६ मध्ये दिसलं. सायनोजेनमॉड ही लोकप्रिय कस्टम रॉम बंद पडली आणि त्याच मंडळींमधून लिनिएजओएस उभी राहिली. कोड बहुतेक तोच, पण किल्ल्या नव्या! त्यामुळे फोन पुसून नव्याने सुरुवात करा, नाहीतर मध्ये एक खास प्रायोगिक बिल्ड टाका, असे दोनच रस्ते लोकांपुढे होते.

आणि डेव्हलपरची किल्लीच हरवली तर? पूर्वी अपडेटच थांबायचे. २०१७ मध्ये गुगलने किल्ली स्वतःकडे सांभाळायची सोय दिली. २०१८ च्या अँड्रॉइड ९ पासून जुनी किल्ली नव्या किल्लीची हमी देऊ शकते.

आता आपण काय करायचं? आधी आठवा, ॲप आलं कुठून? एफ-ड्रॉइड बरीच ॲप्स स्वतःच्या किल्लीने सही करतं, म्हणून त्यावर प्ले स्टोअरची आवृत्ती बसत नाही. जिथून घेतलं तिथूनच अपडेट घ्या. स्रोत बदलायचाच असेल, तर आधी बॅकअप, मग अनइन्स्टॉल, मग नवीन. हा क्रम चुकवू नका. ओटीपी बनवणारं ॲप बॅकअपशिवाय काढलंत, तर स्वतःच्याच खात्याबाहेर उभे राहाल.

आणि ‘बँकेचा नवा अपडेट’ म्हणून कुणी फाइल पाठवली आणि फोनने ती नाकारली, तर जुनं ॲप काढायच्या भानगडीत पडू नका. ती फाइलच उडवा.

भेटू पुढच्या भागात!