हे ओझे कोणाच्या खांद्यावर?

‘गाड्याबरोबर नळ्याची यात्रा’ ही म्हण आपण सारेच वापरतो. पण हा नळा कोणता, हे अलीकडे वर्गातल्या मुलांना समजावून द्यावे लागते. बैलगाडीच्या आखाला घालावयाचे वंगण ज्यात ठेवीत, तो बांबूचा नळा. तो गाडीला बांधलेला असे, म्हणून गाडी यात्रेला निघाली की त्यालाही यात्रा घडे. म्हणीत थट्टा आहे खरी. परंतु एक ओढणारा आणि दुसरा ओढला जाणारा, या दोघांना बांधणारी गाठ कशी असावी, हा प्रश्न मात्र थट्टेचा नाही. तो मला तेल्हाऱ्यात एका अंगणात भेटला.

आमच्या ओळखीच्या एका तरुणाने जुनी, छोटी मोटार घेतली. फवारणीसाठी पाण्याची टाकी शेतात न्यायची, तर दर वेळी भाडे कशाला भरा? त्याने दोन चाकांचा लहानसा गाडा करवून घेतला आणि मोटारीला मागे हूक बसवायचे ठरविले. रविवारी घरीच वेल्डिंगचे यंत्र आणले आणि तासाभरात बंपरच्या पट्टीला हूक डकवलासुद्धा! बघ्यांमध्ये एक वृद्ध धुरकरी होते. उभा जन्म त्यांचा बंडी हाकण्यात गेलेला. त्यांनी वाकून हुकाला हात लावला आणि एवढेच विचारले, “बाबू, हे वझं हाय कोनाच्या खांद्यावर?”

कोणालाच उत्तर देता आले नाही. मी इतिहासाचा अध्यापक. पण मीही गप्पच राहिलो.

या प्रश्नामागे वऱ्हाडचा केवढा तरी इतिहास उभा आहे. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि विलायतेच्या गिरण्यांची नजर आपल्या काळ्या मातीकडे वळली. मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. कापसाच्या पेठेसाठी खामगावला १८७० मध्ये फाटा मिळाला. पण रूळ म्हणजे काही शेताचा बांध नव्हे! सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या आपल्या तेल्हाऱ्याला रेल्वेचे स्टेशन नव्हते, आजही नाही. शेतातून बाजारापर्यंत आणि बाजारातून स्टेशनापर्यंत कापूस नेला तो बंडीने. आगगाडीचे नाव इतिहासात झाले. बंडीचे कोण घेतो?

त्या बंडीची रचना पाहा. चाके दोन, आख एक. पुढे धुरा, धुरेवर जू, जुवाला शिवळा आणि बैलाच्या गळ्याभोवती जोते. बंडी भरताना जाणता धुरकरी दोन गोष्टींना भिई. माल पुढे जास्त झाला तर गाडी ‘धुरजड’ होते, बैलांच्या माना मोडतात. मागे जास्त झाला तर ती ‘उलाळ’ होते. चढावर धुरा वर उचलली जाते आणि जोते बैलाचा गळा आवळते. म्हणून जुवावर भार हवा, पण थोडा. तो किती, हे धुरकरी धुरा हाताने उचलूनच सांगे. ही विद्या कोणत्या ग्रंथात नव्हती. ती त्याच्या तळहातात होती.

आता मौज अशी की, यंत्रयुगाला हाच धडा नव्याने शिकावा लागला आणि त्याची किंमत माणसांनी मोजली. अमेरिकेत आगगाडीचे डबे जोडणारा कामगार दोन डब्यांच्या मध्ये उभा राही. कित्येकांची बोटे गेली, कित्येकांचे प्राण गेले. ईलाय जॅनी याने १८७३ मध्ये आपोआप अडकणाऱ्या कडीचे पेटंट घेतले. तरी आगगाड्यांना अशा कड्या सक्तीच्या करणारा कायदा व्हायला १८९३ साल उजाडले. पुढे ट्रॅक्टर आला. मागचा नांगर जमिनीत अडकला की हलक्या ट्रॅक्टरचे तोंड वर उचलले जाई आणि तो चालकाच्या अंगावर उलटे. धुरकऱ्याच्या भाषेत, यंत्रच उलाळ झाले! आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनने अवजार तीन ठिकाणी जोडण्याची युक्ती काढून हा धोका पुष्कळ कमी केला. १९३९ च्या फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टरने ती जगभर पोहोचविली आणि १९६० मध्ये मद्रासला स्थापन झालेल्या कारखान्यातून ती आपल्याकडेही आली.

मोटारीमागचा दोन चाकांचा गाडा म्हणजे तरी काय? बैल नसलेली बंडीच ती! युरोपात मोटारीला मागे ५० मिलिमीटर व्यासाचा लोखंडी गोळा बसवितात आणि गाड्याची कडी त्यावर चढवितात. भरलेल्या गाड्याच्या वजनाचा थोडा हिस्सा त्या गोळ्यावर पडावा, असा तिकडचा ठोकताळा आहे. भार मागे सरकला तर वेगात गाडा शेपटीसारखा डोलू लागतो आणि मोटारीलाही रस्त्याबाहेर ओढतो. फार पुढे आला तर मोटारीची मागची चाके दबतात, पुढची हलकी होतात आणि सुकाणू ऐकेनासे होते. उलाळ आणि धुरजड, दुसरे काही नाही.

राहिला खांद्याचा प्रश्न. जुन्या जीपगाडीला खाली स्वतंत्र सांगाडा असे. हूक त्याला धरी. आजच्या बहुतेक छोट्या मोटारींत पत्र्याचा सांधलेला देह हाच सांगाडा. बंपर हा धक्का सोसण्यासाठी असतो, ओढण्यासाठी नव्हे. म्हणून हुकाची चौकट देहाच्या खालच्या लांब तुळयांना, रुंद पट्ट्या घालून, बोल्टांनी कसावी लागते. कडी निसटलीच तर गाडा सुटू नये म्हणून वेगळी साखळी हवी आणि मागून येणाऱ्यासाठी गाड्याला स्वतःचे दिवेही हवेत. त्याआधी मोटारीची पुस्तिका उघडून ओढण्याची परवानगी आहे की नाही, ते पाहावे. काही छोट्या गाड्यांना ती नसतेच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने ट्रेलरची नोंदणी निराळी सांगितली आहे आणि उत्पादकाने ठरविलेल्या रचनेत मनमानी फेरफार करण्यास मज्जाव केला आहे.

आमच्या तरुणाने त्याच संध्याकाळी हूक कापून काढला. पुस्तिका पाहिली, तर त्या मोटारीला ओढण्याची परवानगीच नव्हती. टाकी पुन्हा भाड्याच्या वाहनाने गेली. थोडा खर्च झाला, पण शाळा सुटण्याच्या वेळी भर रस्त्यात पाण्याने भरलेला गाडा सुटला असता, तर त्याचा हिशेब कोणी दिला असता?

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे बैलांची खांदशेकणी करतात. तूप-हळद लावून खांदे शेकतात. वर्षभर ज्या जागी भार पडला, ती जागा हाताने पाहण्याचा तो दिवस. बैल कमी झाले, बंड्या अंगणात मोडून पडल्या, होईना का. पण ट्रॉलीची पिन असो की मोटारीचा हूक, भार जिथे पडतो तिथे हात लावून पाहण्याची ती रीत मात्र बंडीबरोबर मोडीत काढू नये. घरातून निघताना तेवढे विचारावे: हे ओझे कोणाच्या खांद्यावर?