लोखंडाच्या मधलं रबर

माझ्या पुतण्यानं दुबईत जुनी स्पोर्ट्स कार घेतली, तेव्हा घरातला पहिला प्रश्न त्याच्या वडिलांचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा होता. "गाडीला सीटा किती?" दोनच, असं कळल्यावर भाईजान एवढंच म्हणाले, "मग तुझी अम्मी आणि मी टपावर बसायचं का?" त्या गाडीचा टपही कापडाचा, घडी घालून मागं टाकायचा. पुढं चार महिने बापलेकांत गाडीचा विषय निघाला नाही. खरं सांगायचं तर दुसराही कुठला विषय फारसा निघाला नाही.

भाईजान मोटारीतलेच. चौदाव्या वर्षी रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून मुंबईला आले आणि कुर्ल्याच्या एका गॅरेजात लागले. फियाट आणि अँबॅसिडरच्या पोटाखाली उताणं पडून त्यांनी जे कमावलं, त्यावर मी मराठी घेऊन बी.ए. झालो. तेव्हा मोटारीविषयी मी आज जे बोलणार आहे, त्यातलं निम्मं त्यांचं. उरलेलं मी पुस्तकांतून वेचलेलं.

गाडी होती माझदा एमएक्स-5. इंग्लंडच्या हलक्याफुलक्या उघड्या गाड्यांचा जमाना 1980च्या सुमारास ओसरला होता. ती हौस जपानी माणसांनी पुन्हा जिवंत केली. फेब्रुवारी 1989मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा लोकांनी पाहिली आणि एप्रिल 2016मध्ये दहा लाखावी गाडी तयार झाली. वजन टनाच्या आत, बसायचं जमिनीलगत, आणि वळण घ्यावं तर हिनंच, अशी तिची ख्याती.

एके दिवशी पुतण्याचा फोन आला. "चाचा, स्पीडब्रेकरवरून जाताना पुढून जुन्या खाटेसारखी कुरकुर येते. एका गॅरेजवाल्यानं सगळं सस्पेन्शन बदलायला सांगितलंय. दोन महिन्यांचा पगार जाईल. अब्बांना सांगू नका." मी अर्थातच अब्बांना सांगितलं.

भाईजाननी तीनच प्रश्न विचारले. आवाज सकाळी गार गाडीला जास्त येतो का? दोन्ही चाकं एकदम चढली तरी येतो का? कुरकुर आहे की ठकठक? उत्तरं ऐकून म्हणाले, "बॅलन्स रॉडचं बुश. गाडीखाली वाकून बुशवर पाणी मारायला सांग. आवाज थोडा वेळ थांबला, तर चोर सापडला."

हा बॅलन्स रॉड, म्हणजे स्टॅबिलायझर बार, हे काय प्रकरण आहे? गाडी जोरात वळली की तिचं अंग बाहेरच्या बाजूला कलतं. ते कलणं आवरायला इंग्रजी 'यू' अक्षरासारखा वाकवलेला पोलादी दांडा आडवा बसवतात. त्याची दोन टोकं डाव्या-उजव्या चाकांच्या जोडणीला आणि मधला भाग गाडीच्या सांगाड्याला. दोन्ही चाकं एकदम वर गेली, तर दांडा जागच्या जागी फिरतो. एकच चाक वर गेलं, तर त्याला पीळ बसतो, आणि तो पीळ सुटू पाहतो म्हणून गाडी सावरते. अशा दांड्याचं पहिलं पेटंट कॅनडातल्या फ्रेडरिक्टनच्या स्टीफन कोलमन यांना 22 एप्रिल 1919 रोजी मिळालं. पण त्या काळच्या गाड्यांचे पाटे कडक असत, शिवाय थोडं कलणं लोक चालवून घेत. स्प्रिंगा मऊ झाल्या तसा 1950नंतर हा दांडा सर्रास दिसू लागला.

दांडा लोखंडाचा, सांगाडाही लोखंडाचा. दोघांच्या मध्ये रबराचे दोन ठोकळे असतात, तेच बुश. ते कडक झाले की कुरकुरतात, झिजून ढिले झाले की ठकठकतात. उष्णता आणि हवेतला ओझोन हे रबराचे वैरी; आखातातल्या उन्हाचं तर सांगायलाच नको.

आता या रबराचीच गोष्ट पाहा. 1770मध्ये जोसेफ प्रीस्टली यांनी नोंदवलं, की या पदार्थानं पेन्सिलीची रेघ पुसता येते. घासून पुसतं, म्हणून इंग्रजीत ते 'रबर' झालं, आणि आपल्या मुलांच्या दप्तरात खोडरबर. पण कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट होई, थंडीत कडक. 1839मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना गंधक आणि उष्णता यांनी रबर टिकाऊ करण्याची युक्ती सापडली. 1844मध्ये पेटंट मिळालं, तरी 1860मध्ये ते मेले ते कर्जातच. त्यांच्या नावाची टायर कंपनी 1898मध्ये निघाली. तिच्याशी त्यांचा किंवा त्यांच्या घराण्याचा काही संबंध नव्हता.

1888मध्ये डनलॉप यांनी हवेचं टायर आणलं आणि जगाला रबराची हाव सुटली. बेल्जियमचा राजा लिओपोल्ड दुसरा याच्या खासगी मालकीच्या काँगोत गावागावांवर रबराचा वाटा बांधून दिला गेला. तो भरला नाही, तर बायकापोरांना ओलीस धरत, गोळ्या घालत, माणसांचे हात तोडत. 1904मध्ये रॉजर केसमेंट यांच्या अहवालानं हे जगासमोर मांडलं आणि 1908मध्ये राजाकडून ती मालकी काढून घेण्यात आली. दरम्यान 1876मध्ये हेन्री विकहॅम यांनी ब्राझीलहून रबराच्या सुमारे 70 हजार बिया लंडनच्या क्यू बागेत नेल्या होत्या. त्यांतल्या अडीच-पावणेतीन हजारच रुजल्या, पण त्यांचीच रोपं सिलोन आणि सिंगापूरला गेली. आपल्याकडे केरळात पेरियारच्या काठी 1902मध्ये रबराचा मळा उभा राहिला. आपल्या गाडीखालच्या बोटभर रबरामागं एवढे हात राबले आहेत, आणि काहींचे तर तुटलेही आहेत.

लोखंडाच्या मध्ये रबर घातलं की प्रवास सुखाचा होतो, हे 1931मध्ये अमेरिकेतल्या प्लिमथ मोटारीनं दाखवून दिलं. तिचं इंजिन रबराच्या आधारांवर बसवलं होतं. चार सिलिंडरची गाडी, पण थरथर कमी. लोकांना ही करामत इतकी आवडली, की फ्रान्सच्या सित्रोएननंही ती परवान्यावर घेतली.

पुतण्यानं पाणी मारलं. आवाज दहा मिनिटं थांबला. मग व्हिडिओ कॉल लागला, तो थेट बापाला. मी नुसता बाजूला बसलो होतो. "जॅकवर भरवसा ठेवू नकोस, घोडी लाव. दोन्ही चाकं सारखी उचल, नाही तर दांड्याला पीळ राहील. आता ब्रॅकेटचे बोल्ट काढ." जुनं बुश निघालं ते दगडासारखं, भोक अंडाकृती झालेलं. "दांड्यावरचा गंज घासून काढ आणि जाडी मोज." याच गाडीच्या वेगवेगळ्या सालांत दांड्याची जाडी वेगळी असते, अंदाजानं बुश आणलं की काम फसलं.

दुकानदार पॉलियुरेथेनचे लालभडक बुश दाखवत होता. हा पदार्थ 1937मध्ये जर्मनीत ओटो बायर यांनी शोधला. रबरापेक्षा टणक, शर्यतीला उत्तम. पण खास ग्रीस नीट भरलं नाही, तर तोच कुरकुरतो. भाईजान म्हणाले, "तुला शर्यत जिंकायचीय की शांतता हवीय? रबरच घाल. आणि साधं ग्रीस लावू नकोस, त्यातल्या तेलानं रबर फुगतं. बदलायचे तर दोन्ही बाजूंचे एकदम बदल." पुतण्यानं विचारलं, "अब्बा, हे तुम्ही मला कधी शिकवलं नाहीत?" भाईजान जरा थांबून म्हणाले, "तुला गाडीखाली यावं लागू नये म्हणूनच तर शिकवलं होतं."

सगळा खर्च दोन वेळच्या हॉटेलातल्या जेवणाएवढा झाला. संध्याकाळी पुतण्यानं स्पीडब्रेकरवरून गाडी नेतानाचं ध्वनिमुद्रण पाठवलं. भाईजाननी फोन कानाला लावून ते तीनदा ऐकलं. त्यात ऐकण्यासारखं काहीच नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात ते दुबईला जाऊन आले. मी विचारलं, "सीटा दोनच ना? मग?" म्हणाले, "एकदा मी बसलो, एकदा तिला बसवलं. गाडी चांगली आहे. वळणावर जराही कलत नाही."