डिसइन्फ्लेशन : भाववाढीचा उतरता वेग

डिसइन्फ्लेशन म्हणजे भाववाढीचा दर कमी कमी होत जाण्याची अवस्था. या काळात भाव वाढतच असतात, पण त्यांचा वेग मंदावलेला असतो. सर्वसाधारण भावपातळीच घसरू लागली, तर तिला चलनघट म्हणतात. या दोन्हींची गल्लत नेहमी होते.

उदाहरण : 100 रुपयांचा किराणा पुढच्या तीन वर्षांत अनुक्रमे 110, 116 व 119 रुपयांना पडला, तर भाववाढीचा दर 10 टक्क्यांवरून साडेपाचाच्या आणि मग अडीच टक्क्यांच्या आसपास येतो. दर उतरला, तरी किराणा पुन्हा 100 रुपयांना मिळत नाही.

भारतातील अनुभव : ग्राहक किंमत निर्देशांकानुसार नोव्हेंबर 2013 मध्ये भाववाढ 11 टक्क्यांवर होती. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2013 ते जानेवारी 2014 या काळात बँकांना दिल्या जाणाऱ्या कर्जाचा दर, म्हणजे रेपो दर, 7.25 वरून 8 टक्क्यांवर नेला. कर्ज महागले की मागणी आवरते आणि भावांना लगाम बसतो. रिझर्व्ह बँकेच्या ऊर्जित पटेल समितीने भाववाढ जानेवारी 2015 पर्यंत 8 आणि जानेवारी 2016 पर्यंत 6 टक्क्यांवर आणण्याचे टप्पे सुचवले. 2014 च्या उत्तरार्धात खनिज तेल कोसळल्याने उताराला हातभार लागला. 2016 मध्ये रिझर्व्ह बँकेचा कायदा दुरुस्त होऊन भाववाढीसाठी 4 टक्क्यांचे लक्ष्य आले. त्याला दोन्ही बाजूंनी 2 टक्क्यांची मुभा आहे. जून 2017 मध्ये दर दीड टक्क्याच्या आसपास आला.

शेतकऱ्याची बाजू : आदिलाबाद जिल्ह्यातील जैनथ हा महाराष्ट्राच्या सीमेलगतचा कापूसपट्टा. या भागात कपाशीत तुरीची तासे धरतात. 2015 मध्ये तूरडाळ शहरांत किलोला 200 रुपयांपर्यंत गेली. पुढच्या हंगामात देशभर तुरीचे अमाप पीक आले आणि अनेक बाजारांत भाव 5,050 रुपये क्विंटल या हमीभावाखाली गेला. निर्देशांकाच्या लेखी एकूण भाववाढ केवळ मंदावली होती; तूर पिकवणाऱ्याच्या हाती मात्र प्रत्यक्षात कमी पैसे आले.

म्हणून भाववाढीचा दर उतरला, एवढ्यावर महागाईतून सुटका झाली असे ठरवता येत नाही. मजुरी आणि शेतमालाचा भाव वाढलेल्या खर्चाला पुरतो का, हे पाहूनच ते ठरवावे लागते.