अंगणात भरलेली शाळा

ज्युबिलीचे वर्ष हे केवळ उत्सवाचे नव्हे, हिशेबाचेही असते. प्राचीन इस्राएलात पन्नासावे वर्ष उगवले म्हणजे दास मुक्त होत आणि हातची गेलेली जमीन मूळ कुळास परत मिळे, असा नियम होता. तेव्हा ज्यांचे हक्काचे काही हिरावले गेले आहे, त्यांचे स्मरण अशा वर्षी होणे उचितच होय. अक्षरास मुकलेले गरिबाचे मूल हे अशांपैकीच. म्हणून एका शिक्षिकेच्या नव्या कार्यातील पहिल्या वर्षाची हकीकत आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. ती बाई आपल्या धर्माची नव्हती, खानदेशचीही नव्हती. पण तिच्या कार्यातून प्रचारात आलेला एक शब्द मेहरूणच्या घराघरांतील माता आज सहज उच्चारतात. तो शब्द म्हणजे 'अंगणवाडी'.

अनुताई वाघ यांचा जन्म १९१० साली पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला. तेराव्या वर्षी विवाह झाला आणि सहा महिन्यांच्या आतच वैधव्य आले. त्या काळी अशा मुलीचे आयुष्य संपले असेच समजत. परंतु त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या. प्रथम नाशिक जिल्ह्यात व पुढे पुण्याच्या हुजूरपागेच्या शाळेत त्यांनी अध्यापन केले. १९४५ साली त्यांची ताराबाई मोडक यांच्याशी गाठ पडली, आणि पुण्यातील स्थिर नोकरी सोडून त्या ठाणे जिल्ह्यातील, हल्लीच्या पालघर जिल्ह्यातील, बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्रात आल्या. वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, पंधरा वर्षांच्या अनुभवानंतर, त्या पुन्हा नवशिक्या झाल्या.

ताराबाईंच्या विचारामागे मारिया माँटेसरी यांची शिकवण होती. या कॅथलिक विदुषीने ६ जानेवारी १९०७ रोजी, म्हणजे ज्या दिवशी आपण तीन ज्ञानी पुरुषांचा सण पाळतो त्या दिवशी, रोम शहरातील सान लोरेन्झो या मजुरांच्या वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. गरिबांच्या लेकरांसाठी जन्मलेली ही पद्धती आपल्या देशात मात्र महाग साधनांमुळे सुखवस्तू घरांतच अडकून पडली होती. तिला पुन्हा गरिबाच्या दारी न्यावे, हा ताराबाईंचा संकल्प.

संकल्प थोर असला तरी अडचण अगदी साधी होती. बालवाडी सजली, बाई सिद्ध झाल्या. पण ज्यांच्यासाठी हा खटाटोप, ती हरिजनवाड्यातील मुले येईनात. आई-बाप पहाटेच कामास गेलेले, कडेवर धाकटे भावंड, अंगावर धड वस्त्र नाही, आणि शाळा ही आपली नव्हे हा पिढ्यान् पिढ्यांचा धाक. अशा वेळी शिक्षकाच्या तोंडी 'यांना शिकायचेच नाही' हे वाक्य किती लवकर येते! अनुताई व ताराबाई यांनी तसे म्हटले नाही. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, असे त्यांनी ठरविले. वस्तीतीलच एखाद्या घराच्या अंगणात, मुलांच्या सवडीच्या वेळी, शाळा भरू लागली. धाकटे भावंडही तेथेच रांगू लागले. आधी हातपाय धुणे, नखे काढणे, केस विंचरणे. मग गाणी, गोष्टी, खेळ. महाग साधनांच्या जागी शिंपले, खडे, बिया, पाने व माती आली. मोजावयास शिंपलाही पुरतो, हे तेथे सिद्ध झाले.

पुढे हे कार्य बोर्डीहून कोसबादच्या टेकडीवर वारली लोकांत गेले. तेथील मुले गुरे राखीत. म्हणून शाळा कुरणात गेली व 'कुरणशाळा' म्हणविली गेली. ताराबाई १९७३ साली निवर्तल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, भारत सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांस 'अंगणवाडी' हेच नाव दिले. अनुताईंनी मात्र हे पाहिले. १९९२ साली त्यांचेही देहावसान झाले.

आता आपल्या खानदेशाकडे वळू. जळगावजवळच्या आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. पुत्र सोपानदेव व आप्त यांनी त्यांच्या मुखातील ओव्या टिपून घेतल्या, म्हणून तो ठेवा आपल्या हाती आला. ज्यांच्याजवळ टिपून घेणारा कोणीच नव्हता, अशा किती बुद्धी या काळ्या मातीत विरून गेल्या असतील? आजही ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांची व वीटभट्टीवर राबणाऱ्यांची मुले हंगामाबरोबर गाव सोडतात. हजेरीपटावर नाव राहते आणि मूल जाते.

हरवलेल्या एका मेंढराच्या शोधासाठी नव्व्याण्णव मागे ठेवून निघालेल्या मेंढपाळाचा दाखला आपण दर वर्षी मंदिरात ऐकतो. त्याने दारात उभे राहून हाक मारली नाही. तो रानात गेला. बोर्डीच्या त्या वर्षाचे मर्म हेच आहे. ज्युबिलीनिमित्त काही बांधावे असे आमच्या भाविकांच्या मनात असेल तर अवश्य बांधावे. परंतु त्याआधी सुशिक्षित तरुण-तरुणींनी आठवड्यातील दोन संध्याकाळी एखाद्या वस्तीच्या अंगणात द्याव्या, एवढी आमची विनंती आहे. त्यास इमारत लागत नाही. एक सतरंजी, मूठभर बिया आणि नियमितपणा एवढे पुरे.